संगमावर लपवलेली डबी

तमाम बारामती व इंदापूर तालुकावासीयांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, बांधावर, चारीच्या कडेला, बाभळीच्या बुंध्यात अगर नदीच्या घाटावर झाकणबंद प्लास्टिकची डबी आढळल्यास, आणि सदर डबीत एक रबरी शिक्का, एक शाईचा पॅड व एक कोरी वही निघाल्यास, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ती मोजणीखात्याची नाही. ती करणीची नाही. तिच्यात स्फोटक नाही. ती माझी आहे, आणि ती ठेवताना मी पूर्ण शुद्धीत होतो.

हे निवेदन मी भोंगा लावलेल्या रिक्षातून गावोगाव फिरवणार होतो. बायकोनं रिक्षावाल्याला चहा पाजला आणि परस्पर परत पाठवलं. जाताना तो माझ्याकडं बघून हळहळला, असं शेजारी सांगतात.

माझं बारामतीत रबरी शिक्के तयार करायचं दुकान आहे. वडील ब्लेडनं रबर कोरायचे. मी कॉम्प्युटरवर अक्षरं मांडून यंत्रातून काढतो. सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, डॉक्टर, वकील... दोन्ही तालुक्यांत कागदावर जे काही गोल किंवा चौकोनी उमटतं, त्यातलं पुष्कळ माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. या धंद्याचं दुःख एकच. शिक्का ही गंमतही असू शकते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. शिक्का दिसला की आमचा माणूस आधी शर्टाचं वरचं बटण लावतो.

माझ्याही डोक्यात आलं नसतं. पण माझी मुलगी नर्स होऊन इंग्लंडला गेली. एका मोठ्या ओसाड माळाच्या कडेला छोटं गाव, तिथल्या दवाखान्यात नोकरी. पहिल्या हिवाळ्यात तिचे फोन म्हणजे सरकारी उत्तरं असायची. "जेवलीस?" "हो." "थंडी आहे?" "आहे." "बरं वाटत नाही का?" "असू दे, अब्बा." फोन ठेवला की मी दुकानातून घरी आणि घरातून दुकानात अशा फेऱ्या मारायचो. बायको म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी हाय, ती काढून पोरीच्या पायाला बांधा. ती बसून ऱ्हायलीय, तुमी पळताय."

मग एका रविवारी फोन आला. मागं वारं घोंगावत होतं आणि मुलगी ओरडत होती, "अब्बा, मला शिक्का सापडला!"

मला वाटलं, बॅगेतून पडलेला आमच्या दुकानाचा नमुना असेल. तर तसं नव्हतं. तिच्या वॉर्डातून रिटायर झालेल्या एका नर्सबाईनं तिला माळावर फिरायला नेलं होतं. तिथं खडकांच्या कपारीत लोक डब्या लपवतात. डबीत शिक्का असतो आणि वही असते. ठावठिकाणा खुणांवरून शोधायचा, डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला स्वतःचा शिक्का तिथल्या वहीत उमटवायचा, आणि डबी होती तशी परत लपवून निघून जायचं. बस. संपला खेळ.

मी हे बायकोला समजावून सांगितलं.

"दुसऱ्याचा डबा हुडकायचा?"

"हो."

"उघडायचा?"

"हो."

"खायला काय असतं त्यात?"

"काही नाही."

"आन् परत लपवून ठेवायचा?" तिनं कणकेचा हात तसाच हवेत ठेवला. "इंग्लंडात दवाखाना चालतो तरी कसा?"

मला मात्र आनंदाचं भरतं आलं. शिक्का! माझ्या पिढीजात धंद्याला कुठंतरी कुणीतरी खेळायला घेतलं होतं! मुलीला तिचा स्वतःचा शिक्का हवा होता. नाव नको, चित्र हवं. म्हणाली, "मुंगूस काढा. मुंगूस रस्ता ओलांडताना कुणाकडं बघत नाही." जन्मात पहिल्यांदा मी सही आणि हुद्दा सोडून काहीतरी कोरायला बसलो, तेही वडिलांच्या ब्लेडनं, हातानं. शिक्का उलटा कोरावा लागतो. माझं मुंगूस उलटं छान दिसत होतं. सुलटं उमटलं तेव्हा त्याची घोरपड झाली. मुलीनं ते आनंदानं वापरलं. तिकडच्या लोकांनी वहीत लिहिलं म्हणे, की भारतातल्या मगरबाई आज पुन्हा येऊन गेल्या.

त्यानंतर दर रविवारी फोनवर आमच्या तासन्‌तास गप्पा रंगायच्या. तिनं सांगितलं, फार पूर्वी तिथल्या एका वाटाड्यानं दलदलीच्या पार मध्यावर एक बरणी ठेवली होती. जो पोचेल त्यानं आपलं कार्ड टाकायचं. पुढं लोक स्वतःच्याच पत्त्याची पत्रं टाकू लागले. मागून येईल त्यानं ती उचलून टपालात टाकायची. यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं इंदापूरच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात जेवणाचा डबा द्यायचा आणि "बारामतीला आमचा पोरगा उभा ऱ्हाईल" एवढंच सांगायचं, ही पद्धत कैक वर्षं चालली. डबा पोचायचा. कधी एखादी भाकरी कमी.

तिच्याबरोबर एक अमेरिकन नर्स होती, तिच्याकडून तिकडच्या रीतीही कळल्या. अमेरिकेत शिक्का विकतचा असला की नाकं मुरडतात. खोडरबर घेऊन स्वतःच कोरायचं. (मी त्या देशाला मनोमन सलाम केला.) टोपणनाव घ्यायचं. पत्ता सरळ सांगायचा नाही, गोष्टीत गुंडाळून सांगायचा. डबी जंगलात असेल तशी भर शहरातल्या बागेतही असेल. इंग्लंडातले लोक मात्र कोरडे. होकायंत्र काढायचं, अमुक खडक अमुक दिशेला दिसला पाहिजे, पावलं मोजायची, की विषय संपला. पण एक नियम दोन्हीकडं सारखा. कुणी बघत असेल तर डबी काढायची नाही. खडकावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, तो माणूस निघून जाईपर्यंत.

निघून जाईपर्यंत! आमच्याकडं हा नियम पाळायचा तर माणूस चहा पिऊन पिऊन मरेल. आमच्याकडं माणूस निघून जात नाही. तो येऊन शेजारी बसतो.

मी हे हसत सांगितलं, तशी मुलगी म्हणाली, "तेच तर, अब्बा. इथं मी दिवसभर एकटी चालते आणि कुणी विचारत नाही, कुठं चाललीस."

सहज म्हणाली. तक्रार नव्हती. पण मी गप्प झालो, आणि मी गप्प होणं ही आमच्या घरात आजारपणाची खूण मानतात. "कुठं चाललास" हा आमच्याकडं प्रश्नच नाही, तो रामराम आहे, सलाम आहे. पुरुषाला विचारला की तो "जरा तिकडं" म्हणतो आणि पुढं जातो. बाईला विचारला की तिला खरंखुरं उत्तर द्यावं लागतं. माझी मुलगी घरापासून कॉलेजपर्यंत रोज किती दारांना उत्तर देत गेली असेल, याचा हिशोब मी कधी केला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात ती सुट्टीवर यायची होती. दोन आठवडे, आणि त्यात सगळ्या नातेवाइकांची जेवणं वाटून घेतलेली. प्रत्येक जेवणात बिर्याणी एक आणि लग्नाचा प्रश्न एक. मधे एकच दिवस रिकामा होता. मी ठरवलं, तो दिवस तिचा. तिथं तिला जे मिळतं ते एकदा, एकदाच, तिच्या स्वतःच्या मुलखात मिळालं पाहिजे. हातात खुणांचा कागद, पायाखाली वाट, कुणी काही विचारणार नाही, आणि शेवटी दगडाआडून निघालेली तिची तिनं शोधलेली डबी. नाहीतर ती परत जाईल आणि दरवर्षी दोन आठवडे इथं पाहुणी म्हणून जेवायला येईल. मला पाहुणी नको होती.

पहिली डबी मी जळोचीच्या बाजूला ठेवली. घरापासून जवळ, निवांत बांध, लिंबाचं झाड. मी दगड सरकवून डबी आत ढकलतोय तोच मागून आवाज आला.

"काय मोजताय, शिक्केवाले चाचा?"

"काही नाही हो. डबी ठेवतोय."

"बांधावर?"

"हो."

"शिक्का हाय का तिच्यात?"

मी खरं बोललो. तिथंच चुकलो. जळोचीत आता शेताचे प्लॉट पडायला लागलेत, आणि ज्या बांधाचा दगड मी सरकवला त्याच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी त्या दगडावरूनच वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. संध्याकाळी दोघं माझ्या दुकानात आले. एकत्र! एकाच मोटरसायकलवर!

"दगुड कुणाच्या अंगाला सरकवला ते सांगा आधी," एक म्हणाला.

"आन् कुनी सांगितलं सरकवाया? ह्यानं?" दुसरा.

"मी? आबा, मी तर तुमच्यावर संशय घेऊन बसलोय!"

माझ्याविरुद्ध त्यांचं एकमत होऊ देऊन मी डबी परत आणली. दगड कुठं होता ते आता तिघांनाही सांगता येत नाही.

दुसरी डबी माळेगावला, कालव्याच्या चारीच्या कडेला एका बाभळीच्या ढोलीत. साखर कारखाना सुरू झालेला, रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरची रांग. मला वाटलं, ज्याला त्याला वजनकाट्यावर पोचायची घाई, डबीकडं कोण बघतंय? पण रांगेतल्या ड्रायव्हरला घाई नसते. रांगेतल्या ड्रायव्हरला फक्त वेळ असतो. एक जण बाभळीआड गेला आणि डबी घेऊनच परतला. शिक्क्याच्या मुठीवर दुकानाची चिठ्ठी चिकटवायची ही आमची धंद्यातली सवय. ती मी या शिक्क्यावरही चिकटवलेली. भलामाणूस ऊस रिकामा करून रिकाम्या ट्रेलरसकट माझ्या दारात. ट्रेलरनं गल्ली बंद.

"चाचा, तुमचा माल पडला व्हता चारीवर. कुणाच्या हाती लागला आसता तर?"

"अहो, कुणाच्यातरी हाती लागावा म्हणूनच ठेवला होता!"

तो माझ्या बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "घरी कोन मोठं मानूस न्हाय का?"

मुलीचं विमान जवळ येत चाललं आणि माझी झोप, भूक, धंदा सगळं चारीत वाहून गेलं. एका डॉक्टरांना मी "सचिव" असा शिक्का करून दिला. गिऱ्हाईक बसलेलं असताना मी उठून रस्त्यापर्यंत जाऊन यायचो. शेवटी ठरवलं, लांब जायचं. आपल्या जिल्ह्याच्या पार टोकाला. नरसिंहपूर.

तिथं नीरा भीमेला मिळते. देऊळ आहे, दगडी घाट आहे, आणि सणवार सोडले तर गर्दी नाही. शिवाय देवळाच्या वाटेवर चहाचं हॉटेल चालवणारे एक तात्या माझ्या ओळखीचे. त्यांच्या भावाच्या पतसंस्थेचे शिक्के मीच केलेले. घाटाच्या खालच्या अंगाला जुनी भिंत, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप, रोपाखाली दगडांची फट. डबी अशी बसली जणू भिंत बांधणाऱ्यानं तिच्यासाठीच जागा सोडली होती. या डबीसाठी मी हातानं शिक्का कोरला होता. दोन वळणदार रेघा, पुढं जाऊन एक होणाऱ्या. या वेळी उलटंसुलटं सारखंच दिसत होतं.

तात्यांना विश्वासात घेतलं. एकट्या तात्यांना.

"तात्या, ही गोष्ट तुमच्या माझ्यात. पोर येईल, तिची ती शोधेल. कुणी दाखवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. फक्त डबीवर लक्ष ठेवा."

"आवो, काय तरी मोटं काम सांगा," तात्या म्हणाले. "ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाय."

पहिल्या आठवड्यात मी दोनदा जाऊन फटीत बोटं घालून आलो. एकदा हॉटेलसमोर नारळ-फुलं विकणाऱ्या मावशींनी गाठलं. त्यांच्या तोंडाला विश्रांती हा प्रकार माहीत नाही.

"देवाला आला?"

"नाही मावशी, असंच."

"आसंच कोन येतं बारामतीवरनं? नवस हाय का? पोरीचा हाय का? लगीन ठरंना का?"

त्यानंतर तात्यांनीच फोन करून सांगितलं, "तुमी सारखं येऊ नगा, लोक इचारत्यात. आता पोरीला घिऊनच या." मग मी रोज फोन लावू लागलो. "तात्या, डबी आहे ना?" "हाय की! येकदम सुखरूप." कधी सकाळी, कधी दुपारी. "सुखरूप हाय, चाचा. तुमी तुमच्या तब्येतीला जपा."

तो दिवस उजाडला. मुलीनं वही घेतली, मगरीचा म्हणजे मुंगसाचा शिक्का घेतला, बूट घातले. इंदापूरला गाडी बदलली. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी इंदापूर सुटायच्या आत तिचं वय, पगार आणि आमचं सगळं खानदान विचारून घेतलं आणि उतरताना सल्ला दिला, "आता लांबवू नगं." मुलगी खिडकीबाहेर बघत हसली, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी सीटवर बसून पाय हलवत होतो. ती म्हणाली, "अब्बा, बस तुम्ही चालवताय का?"

गावात उतरल्यावर मी तिच्या हातात कागद दिला. 'शेवटच्या पायरीवर उभी राहा. नदीकडं पाठ कर. जुन्या भिंतीत जिथं झाड उगवायचं धाडस करतंय, त्याच्या पायाशी हात घाल.' जरा इंग्लंड, जरा अमेरिका. तिनं तो वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी ताबडतोब दुसरीकडं बघितलं. "एकटी जाते," ती म्हणाली.

"एकटीच जा. मी चहा घेतो."

तात्यांनी मला बाकड्यावर बसवलं आणि कानाशी लागले. "काळजीच सोडा. आख्ख्या गावाला ताकीद दिलीया. येक शबूद कुनी बोलायचा न्हाय, पोरीकडं कुनी बगायचं न्हाय. देवाची शप्पत घातलीया येकेकाला."

"आख्ख्या गावाला? तात्या, तुमच्या माझ्यातली गोष्ट!"

"मग? कुनाला सांगू नका म्हनून सांगाया नगं का सगळ्यांस्नी?"

मी रस्त्याकडं बघितलं, आणि असं नाटक मी जन्मात पाहिलं नाही. मुलगी चालली होती आणि तिच्यासमोरून येणारा म्हसरांचा मालक ती जवळ येताच वळून म्हशीच्या कानात काहीतरी शोधू लागला. सलूनवाल्यानं गिऱ्हाईकाची मान भिंतीकडं वळवली. पारावरचे तिघं एकाच वेळी आकाशात बघू लागले, आणि आकाशात काही नव्हतं. मावशींनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. वर फक्त डोळे, ते मात्र फिरत होते.

मुलगी अर्ध्या वाटेतून परत आली. "अब्बा, गावात मयत झालीय का?"

"छे. का?"

"मग कुणी बोलत का नाही? मी एकाला 'घाट इकडंच ना' म्हणून विचारलं, तर तो घरात गेला आणि दार लावून घेतलं."

"तुला हवं होतं ना, कुणी विचारू नये?"

ती हसत सुटली, आणि उड्या मारत घाटाकडं निघाली. ती उड्या मारत गेली, हे मी चार ठिकाणी सांगितलंय आणि पुन्हा सांगेन.

मला काही बसवेना. मी घाटाच्या वरच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. मागोमाग तात्या आले. मग सलूनवाला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, पारावरचे तिघं, मावशी. सगळे ओळीनं नदीकडं तोंड करून उभे, जणू भीमा आज सकाळीच आली होती.

खाली मुलगी शेवटच्या पायरीवर उभी राहिली. वळली. भिंत न्याहाळत न्याहाळत पिंपळाच्या रोपाशी येऊन थांबली. बरोबर तिथंच! मी तात्यांचा दंड दाबला. तात्यांनी दंड सोडवून घेतला आणि ते मान खाजवू लागले.

तिनं फटीत हात घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. हात बाहेर आला तेव्हा मुठीत माती आणि वाळकी पानं होती. तिनं शेजारची फट पाहिली. मग तिच्या खालची. कागद पुन्हा वाचला, पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिली, पुन्हा मोजूनमापून त्याच रोपाशी आली आणि गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात आत घातला. माझ्या शेजारची ओळ चुळबुळू लागली. कुणी खोकलं. अर्ध्या दाढीवाल्यानं साबण लागलेला गाल पुसला. मी तात्यांकडं बघितलं, तर तात्या स्वतःच्या चपलेकडं बघत होते.

मुलगी पायरीवर बसली. कागदाची घडी केली, वही पिशवीत टाकली. मग वर न बघताच म्हणाली, "अब्बा, नाहीये इथं. नेली असेल कुणीतरी. असू दे. चला, परत जाऊ."

तोच आवाज. पहिल्या हिवाळ्यातला, फोनमधला. मी दोन पायऱ्या खाली उतरलो. ओळीतला एकही माणूस हलला नाही. शपथ घातलेली होती. पाणी तेवढं वाजत होतं. आणि मग मावशींनी तोंडातला पदर ओढून काढला, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या संगमाला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"आगं माझे बाई, नगं घालूस तितं हात! इंचूकाटं असत्यात म्हनून आमी कवाच काढून देवळाच्या ओवरीत ठिवलीया ती डबी, फडक्यात गुंडाळून. वर ये, चा पी, आन् मग हुडक!"